ग्रीक देवकथा सांगताना ‘प्रेमात पडला’ म्हणावे की ‘हरण केले’?

पाचपाखाडीची वाचक

सर्वांना नमस्कार. ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी मी आठवी-नववीच्या दहा-बारा मुलामुलींचा वाचनवर्ग घेते. यंदा जगभरच्या पुराणकथा वाचायच्या असे ठरले आहे आणि सध्या ग्रीसची पाळी आहे. गेल्या रविवारी युरोपाची कथा घेतली. फिनिशियाची ही राजकन्या समुद्रकाठच्या कुरणात मैत्रिणींबरोबर फुले वेचत असते. देवांचा राजा झ्यूस बैलाचे रूप घेऊन तेथे येतो, इतका शांत आणि देखणा की मुली त्याच्या अंगावरून हात फिरवतात. युरोपा त्याच्या पाठीवर बसते आणि तो उठून जो पाण्यात शिरतो तो क्रीट बेट येईपर्यंत थांबत नाही. मी मुलांना दिलेल्या टिपणात वाक्य होते, ‘झ्यूस युरोपाच्या प्रेमात पडला आणि तिला क्रीटला घेऊन गेला.’ त्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “काकू, तिला परत घरी जायचं होतं का, हे कुठे लिहिलंय?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन सगळी टिपणे पुन्हा काढली. डॅनेईच्या बंद कोठडीत सोन्याच्या पावसाच्या रूपाने शिरणारा झ्यूस, लीडाकडे राजहंस होऊन येणारा झ्यूस, आर्टेमिस देवीचे सोंग घेऊन कॅलिस्टोला फसवणारा झ्यूस, डॅफ्नीच्या मागे धावणारा अपोलो, या प्रत्येकाबद्दल मी ‘प्रेमात पडला’ असेच लिहून ठेवले होते. डॅफ्नी तर त्याच्या हाती लागू नये म्हणून झाड झाली, तरीही तेच शब्द. असे लिहायला मला कोणी सांगितले नव्हते; ते हातून सहज उतरले, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटते.

एका पालकांनी या कथा सरळ वगळाव्यात असे सुचवले. मला ते पटत नाही, कारण चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांतून मुलांना त्या तुकड्यातुकड्यांनी कळतच असतात, आणि तेथे त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी नसते. म्हणून जाणकारांना विचारते: ज्या देवांची देवळे बांधली, ज्यांना नवस बोलले, त्यांच्याविषयी अशा कथा ग्रीक लोक कशा सांगू शकले? आणि या कथांसाठी मराठीत कोणते क्रियापद योग्य ठरेल?

नेरुळचा निवृत्त शिक्षक

ताई, आपल्या विद्यार्थिनीचे आधी मनापासून कौतुक. मी बरीच वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर हौसेने प्राचीन ग्रीक शिकलो, त्यामुळे शब्दांच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

हेसिअड या कवीने सुमारे इ.स.पू. ७०० मध्ये देवांची वंशावळ रचली. तिच्यात सर्वांत आधी खाओस म्हणजे आदिम पोकळी, मग पृथ्वी, आणि त्याच पहिल्या पिढीत एरोस, म्हणजे काम, जन्माला येतो. झ्यूस, हेरा, अपोलो ही मंडळी पुष्कळ नंतरची. एरोस हा देवांची आणि माणसांची गात्रे ढिली करतो आणि त्यांच्या विचारशक्तीवर मात करतो, असे हेसिअड म्हणतो. आपल्याकडे ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात ‘कामस्तदग्रे समवर्तताधि’ हे शब्द येतात, ते येथे आठवल्यावाचून राहात नाहीत. कामशक्ती देवांच्याही आधीची असेल, तर देवांचा राजासुद्धा तिच्यापुढे हतबल ठरतो, आणि ग्रीक कवींना झ्यूसची ही हतबलता दाखवण्यात विशेष गोडी होती.

होमर या कवीच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या १४व्या सर्गातील प्रसंग पाहा. ट्रॉयच्या युद्धात झ्यूसचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून त्याची पत्नी हेरा आपल्या दालनाचे दार आतून गुप्त कडीने लावून घेते, सुगंधी तेल लावते, केस विंचरून वेण्या घालते, अथीनाने विणलेले वस्त्र नेसते, तीन-तीन लोलकांची कर्णभूषणे घालते आणि खोटे कारण सांगून प्रेमदेवता अफ्रोडाइटीकडून मोहिनी भरलेला नक्षीदार पट्टा मागून घेते. एखाद्या योद्ध्याने चिलखत चढवावे तसे हे वर्णन आहे. तिला पाहून झ्यूस भुलतो आणि आजवर कोणत्याही स्त्रीविषयी मला एवढी ओढ वाटली नाही, असे सांगताना बायकोसमोरच आपल्या जुन्या संबंधांची यादी वाचतो. त्या यादीत डॅनेई आहे आणि युरोपाही आहे. मग दोघे एकत्र येतात तेव्हा त्यांच्याखालची जमीन कोवळे गवत, दहिवराने भिजलेले लोटस, केशर आणि हायसिंथची फुले उगवते. देवांचा शृंगार ही सृष्टीला बहर आणणारी घटना होती, हे या एका ओळीत दिसते. जे लोक शेतीवर आणि वंशवृद्धीवर जगत होते, त्यांना देव कामनारहित असणे हेच कदाचित भीतिदायक वाटले असते.

आता क्रियापदाकडे वळतो. शरीरसंबंधासाठी हेसिअड आणि होमर ‘फिलोतेसमध्ये मिसळणे’ असा एक ठरीव वाक्प्रचार वापरतात. फिलोतेस म्हणजे स्नेह, सख्य, प्रेम. लग्नाच्या बायकोशी संबंध असो की वेषांतर करून केलेली फसवणूक असो, हा वाक्प्रचार दोन्हीकडे चालतो, कारण या वंशावळींना मुख्यतः मूल कोणाचे हे नोंदवायचे असते. युरोपाचे महत्त्व क्रीटचा राजा मिनोस तिच्या पोटी जन्मला म्हणून. नगरे आणि राजघराणी आपले मूळ देवापर्यंत नेऊ पाहात, आणि झ्यूसच्या नावावर एवढ्या स्त्रिया जमा होण्याचे हे एक मोठे कारण आहे. अशा नोंदीत आईची इच्छा विचारण्याला जागाच ठेवलेली नव्हती. आपल्या टिपणातील ‘प्रेमात पडला’ हे त्याच जुन्या वाक्प्रचाराचे वंशज आहे, तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका.

मात्र ग्रीक भाषेला दुसरा शब्द ठाऊक नव्हता असे समजू नये. डिमीटर देवीला उद्देशून रचलेल्या जुन्या स्तोत्रात पाताळाचा राजा हेडीस तिची लेक पर्सेफनी हिला नेतो, तेथे ‘हिसकावून नेले’ असे स्वच्छ क्रियापद आहे आणि त्याला जोडून ‘तिची इच्छा नसताना’ असे विशेषणही आहे. पर्सेफनीचा आक्रोश गुहेतल्या हेकाटी देवीला आणि आकाशातल्या हेलिऑसला, म्हणजे सूर्याला, ऐकू येतो. पुढे आई शोधत येते तेव्हा हेलिऑस तिला सांगतो की झ्यूसनेच ही संमती दिली होती आणि जावई म्हणून हेडीस काही वाईट नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा मूळ भाषेत वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. लेकीचा आक्रोश ऐकलेला साक्षीदार आईला जावयाच्या घराण्याची थोरवी सांगतो, हे आपल्या कानांना अनोळखी नाही.

मराठीत आपल्यापाशी ‘हरण’ हा शब्द आहे, पण तो जपून वापरावा लागेल. सीताहरण आणि रुक्मिणीहरण यांत शब्द एकच, पण सीतेला रावणाने बळाने नेले आणि रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावले. सुभद्राहरणात तर भाऊच संमती देतो. म्हणून ‘हरण’ लिहिलेत तरी त्याच्यापुढे ‘तिच्या इच्छेविरुद्ध’ किंवा ‘तिच्या इच्छेने’ हे लिहावेच लागेल, आणि जेथे मूळ कथा त्याविषयी गप्प आहे, तेथे ‘तिला काय वाटले हे कथा सांगत नाही’ असे मुलांना सांगावे.

खारघरची अभ्यासक

वरील प्रतिसाद फार मोलाचा आहे. मला त्यात दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते, कारण विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे थेट उत्तर एका ग्रीक कवीने देऊन ठेवले आहे.

सिराक्यूजच्या मॉस्कस या कवीने इ.स.पू. दुसऱ्या शतकात युरोपावर एक छोटे कथाकाव्य लिहिले. त्यात बैल उडी घेऊन उठतो तेव्हा ती मागे वळते, हात पसरून मैत्रिणींना हाका मारते, पण त्या तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. समुद्रात गेल्यावर एका हाताने ती शिंग धरते आणि दुसऱ्या हाताने जांभळ्या वस्त्राचा घोळ लाटांत भिजू नये म्हणून वर उचलून धरते. किनारा दिसेनासा झाल्यावर ती बैलालाच विचारते की तू मला कोठे नेत आहेस, तू आहेस तरी कोण. वडिलांचे घर सोडून या बैलाच्या मागे आले आणि एकटी भरकटते आहे, असा विलाप ती करते. तेव्हा कोठे झ्यूस आपली ओळख सांगतो. याच काव्याच्या आरंभी तिला स्वप्न पडते, ज्यात दोन भूखंड स्त्रीरूपाने तिच्यासाठी भांडतात आणि परकी स्त्री तिला ओढून नेते, तरी त्या ओढण्याला तिची नाराजी नसते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कवीने तिच्या मनात कुतूहल आणि भय दोन्ही ठेवले आहे. तिच्या हातातली सोन्याची फुलांची परडी देवांचा लोहार हेफेस्टस याने घडवलेली असून तिच्यावर आयोचे चित्र कोरलेले आहे, तीच आयो, जिला झ्यूसपायी गाय होऊन रानोमाळ भटकावे लागले आणि जी युरोपाच्या पूर्वजांपैकी आहे. फुले वेचायला निघालेल्या मुलीच्या परडीवर तिच्याच कुळातल्या दुसऱ्या मुलीची हकीकत कोरलेली आहे आणि तिला ती वाचता येत नाही. आपल्या वर्गात या परडीचे चित्र मुलांकडून अवश्य काढून घ्यावे, असे मी सुचवीन.

दुसरी गोष्ट देवींची. होमरच्याच ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात देवांचा दूत हर्मीस कॅलिप्सो या देवीकडे निरोप घेऊन येतो की कथानायक ओडिसियसला आता सोडून दे, तेव्हा ती संतापून म्हणते की तुम्ही देव निर्दय आणि मत्सरी आहात, एखादी देवी उघडपणे मर्त्य पुरुषाशी संसार करू लागली की तुम्हाला ते खपत नाही. ती उदाहरणेही देते: उषादेवी ईऑसने ओरायनला जवळ केले तर आर्टेमिसने त्याला बाण मारून ठार केले; डिमीटरने तीनदा नांगरलेल्या शेतात आयासियनवर प्रेम केले तर झ्यूसने त्याच्यावर वज्र टाकले. झ्यूसच्या यादीला कोणी शिक्षा करत नाही आणि देवीने एक पुरुष निवडला तर त्या पुरुषाचा जीव जातो, ही तक्रार होमरच्या काव्यात एका स्त्रीच्याच तोंडून आली आहे. अर्थात कॅलिप्सोनेही ओडिसियसला सात वर्षे अडकवून ठेवले होते आणि तो रोज किनाऱ्यावर बसून घरच्या आठवणीने रडत असे, हे विसरून चालणार नाही. सत्ता ज्याच्या हाती असते, त्याला समोरच्याचे रडणे दिसेनासे होते, मग ती देवी का असेना.

अथीना, आर्टेमिस आणि हेस्टिया या तिघींवर अफ्रोडाइटीची सत्ता चालत नाही, असे तिच्याच स्तोत्रात म्हटले आहे. एवढ्या देवलोकात ‘नाही’ म्हणून टिकून राहिलेल्या या तिघीच, ही गोष्ट मुलींना सांगण्यासारखी आहे.

पाचपाखाडीची वाचक

दोघांचे मनापासून आभार. परडीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. एक शंका राहिली. वर्गातल्या एका मुलाने आधीच गॅनिमीडचे नाव काढले आहे. गरुडाने नेलेला मुलगा देवांचा प्याला भरणारा झाला, एवढेच मी सांगितले. याहून पुढे कसे बोलावे?

नेरुळचा निवृत्त शिक्षक

होमर एवढेच सांगतो की गॅनिमीड हा सर्व मर्त्यांत देखणा होता आणि त्याच्या सौंदर्यापायी देवांनी त्याला उचलून नेले. त्यात प्रणयाचा उल्लेख नाही. झ्यूस त्याचा प्रेमिक होता हे नंतरचे कवी उघडपणे म्हणू लागले, आणि गरुडही नंतरचाच. अफ्रोडाइटीच्या स्तोत्रात त्याला वावटळ नेते. प्रौढ नागरिकाने किशोरवयीन मुलावर प्रेम करण्याची रीत ग्रीसमध्ये अनेक ठिकाणी मान्य होती आणि माणसांनी ती आकाशात नेऊन ठेवली. हा संशय प्राचीनांनाच आला होता: तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘नियम’ या संवादात अथेन्सचा पाहुणा म्हणतो की आपल्या सुखाला झ्यूसचा आधार दाखवता यावा म्हणून क्रीटच्या लोकांनी ही कथा रचली, असा सर्वांचा त्यांच्यावर आरोप आहे.

मुलांना मी एवढे नक्की सांगेन की दोन पुरुषांच्या प्रेमात गैर काही नाही, परंतु येथे एक सर्वशक्तिमान देव आहे आणि दुसरा नकार देऊ न शकणारा मुलगा, त्यामुळे या दोन गोष्टींची गल्लत करू नये. अफ्रोडाइटीच्या त्याच स्तोत्रात गॅनिमीडचे वडील ट्रॉस यांचे दुःखही आहे. वावटळीने मुलाला कोठे नेले हे त्यांना ठाऊक नसते आणि ते सतत शोक करत राहतात. मग झ्यूस मोबदला म्हणून त्यांना दिव्य घोडे देतो. घोडे मिळाल्यावर वडील आनंदित झाले, असे स्तोत्र म्हणते. मला ते कधीच पटलेले नाही.

अपोलो आणि त्याचा प्रिय तरुण हायसिंथस यांची कथा मात्र जरूर घ्या. थाळीफेक खेळताना अपोलोची थाळी लागून हायसिंथस मरतो आणि देव त्याला वाचवू शकत नाही. स्पार्टाजवळ अमिक्ली येथे त्याच्या स्मरणार्थ भरणारा उत्सव शोकाने सुरू होत असे. देवाला खरे दुःख झालेले येथे दिसते.

तलावपाळीचा नाट्यवेडा

चर्चा दोन दिवस वाचतो आहे. ‘अशा देवांची पूजा कशी केली’ या पहिल्या प्रश्नाला अजून पुरेसे उत्तर मिळाले नाही असे वाटले, म्हणून लिहितो. आम्ही काही हौशी मंडळी ठाण्यात महिन्यातून एकदा एकत्र बसून जुनी नाटके मोठ्याने वाचतो. मागे ग्रीक नाटककार युरिपिडीसचे ‘आयॉन’ वाचले, आणि मला वाटते की आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या नाटकात आहे.

हे नाटक इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अथेन्समध्ये लिहिले गेले आणि तेथे नाटके होत ती डायोनिससच्या उत्सवांत, म्हणजे देवाच्याच उत्सवात. अथेन्सची राजकन्या क्रिऊसा हिच्यावर कुमारवयात अपोलोने अॅक्रोपोलिसच्या कड्याखालील गुहेत बळजबरी केली. तिला मूल झाले, ते तिने लपवून त्याच गुहेत एका पेटाऱ्यात ठेवले. पुढे तिचे लग्न झाले, पण मूल झाले नाही, म्हणून ती नवऱ्याबरोबर कौल घ्यायला डेल्फीला येते, आणि डेल्फीचे देऊळ तर अपोलोचेच. तेथे देवळाचे अंगण झाडणारा जो तरुण तिला भेटतो, तो तिचाच मुलगा असतो. कुंती आणि कर्ण डोळ्यांसमोर उभे राहिल्याशिवाय कोणत्याही मराठी वाचकाला हे पुढे वाचता येणार नाही. फरक एवढाच की कुंतीने शेवटपर्यंत सूर्याला जाब विचारला नाही. क्रिऊसा विचारते.

देवळाच्या दारात उभी राहून ती अपोलोलाच उद्देशून बोलते. मी पदरात पिवळी फुले वेचत होते, तुझे केस सोन्यासारखे चमकत होते, तू माझी गोरी मनगटे धरलीस आणि मी ‘आई’ म्हणून ओरडत असताना मला गुहेत नेलेस. आणि तू मात्र सतार वाजवावी तशी वीणा छेडत आपलीच स्तोत्रे गात बसला आहेस. आमच्या वाचनात हा भाग ज्या ताईंकडे होता, त्या ‘आई’ या शब्दापाशी थांबल्या आणि त्यांना पुढे वाचता येईना. दुसऱ्या कोणी पान घ्यावे असेही कोणाला सुचले नाही, सगळे तसेच बसून राहिलो. फुले वेचणारी युरोपा, फुले वेचणारी पर्सेफनी, आणि फुले वेचणारी ही क्रिऊसा. ती पहिल्या दोघींच्या वतीनेही बोलते आहे असे मला त्या दिवशी वाटले.

शेवटी आई-मुलाची ओळख पटते. तिने लहानपणी विणलेल्या अर्धवट वस्त्रावरची गॉर्गन ही राक्षसी, बाळाच्या गळ्यातले सोन्याचे नाग, ऑलिव्हची न सुकलेली माळ, या खुणा ती पेटाऱ्यात न पाहताच एकेक करून सांगते आणि मुलगा त्या बाहेर काढतो. मग आकाशातून देवता येते, ती अथीना. अपोलो येत नाही, कारण घडल्या गोष्टींबद्दल दोष ऐकावा लागेल म्हणून त्याने तिला पाठवले, असे ती स्वतः सांगते. देवाला तोंड दाखवायची लाज वाटली, असे देवाच्या उत्सवात, हजारो भाविकांसमोर बोलले गेले. झेनोफानीससारखा विचारवंत त्याच्या आधीच, होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार आणि फसवणूक देवांच्या माथी मारली, अशी टीका करून गेला होता आणि प्लेटोला पुढे अशा कथा मुलांच्या कानी पडूच नयेत असे वाटले. युरिपिडीसने तिसरा मार्ग घेतला. त्याने कथा तीच ठेवली आणि स्त्रीला बोलू दिले. ग्रीकांची भक्ती म्हणजे देवाच्या वागण्याचे अनुकरण नव्हते. यज्ञ, नवस आणि उत्सव वेळच्या वेळी करायचे, आणि देवाशी भांडायचे असेल तर तेही त्याच्याच दारात उभे राहून. पंढरपूरच्या विठ्ठलाशी कडाकडा भांडणाऱ्या संतांची भाषा ज्यांच्या कानांत आहे, त्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

पाचपाखाडीची वाचक

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. जुनी टिपणे मी मागे घेतली आहेत. येत्या रविवारी मॉस्कसमधला प्रसंग मराठीत सांगेन आणि त्यानंतर क्रिऊसाचे बोलणे, मुलांच्या वयाला झेपेल एवढे, मोठ्याने वाचू. ज्या पालकांनी कथा वगळायला सुचवले होते त्यांनाही बसायला बोलावले आहे. परडीचे चित्र काढायला दोन मुले आताच तयार झाली आहेत. युरोपाचे वाक्य प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच पुन्हा लिहायला सांगितले होते. तिने काल संध्याकाळी घरी आणून दिलेल्या कागदावर असे आहे: ‘झ्यूसला युरोपा आवडली. त्याने तिला विचारले नाही. ती पाण्यातून मागे वळून मैत्रिणींना हाका मारत होती.’